चालत्या गाडीचं इंजिन तापून बंद पडलं? तुमचा अनुभव सांगा (इंदूर आणि आसपास)

गेल्या रविवारी आईला ओंकारेश्वरला नेलं होतं. परतताना बडवाह सोडलं, भेरूघाट चढायला लागलो. पुढे ट्रक रांगत होता, मी दुसऱ्या गिअरमध्ये. तापमानाचा काटा मध्यावरून ‘एच’कडे (गरमकडे) सरकला, दोन झटके बसले आणि इंजिन बंद. स्टिअरिंग दगड झालं, ब्रेकही कडक. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना धोंडे लावले. चाळीस मिनिटांनी सुरू झाली, सिमरोलच्या अलीकडे पुन्हा तेच. आई रस्त्याच्या कडेला पिशवी धरून बसलेली, तो प्रसंग डोळ्यांपुढून जात नाही.

गाडी पेट्रोल, ९ वर्षांची. मिस्त्री बॉनेट उघडण्याआधीच म्हणाले, “हेड खोलना पड़ेगा,” म्हणजे इंजिनाचा वरचा भागच उघडायचा. तुमच्याकडे असं झालं असेल तर सविस्तर लिहा: आधी काय दिसलं, काय काय बदललं आणि शेवटी काय निघालं. इंदुरात गाडीचे शहरातही हाल होतात आणि घाटातही, त्यामुळे दोन्ही अनुभव हवेत.
— सुदामानगर

माझी गाडी तापायचीच नाही, हे आधी सांगतो. एम. जी. रोडवर सिग्नलला बंद पडायची, वीस मिनिटांनी मुकाट्याने सुरू. काटा कायम मध्यावर. प्लग झाले, बॅटरी झाली, फ्युएल पंपही बदलून झाला. शेवटी एका तरुण पोराने गाडी बंद पडलेली असतानाच स्कॅनर लावला. स्टार्टर फिरतोय, स्क्रीनवर आरपीएम शून्य! इंजिन फिरतंय हे गाडीच्या संगणकाला सांगणारा क्रँक सेन्सर गरम झाला की मुका व्हायचा, थंड झाला की बोलायचा. गॅरेजला नेईपर्यंत गाडी थंड होते, म्हणून कुणाला दोष सापडत नव्हता. तेव्हा आधी काटा चढला की आधी इंजिन बंद पडलं, हे नीट आठवा. तुमचा काटा आधी चढला, म्हणजे तुमचं दुखणं वेगळं.
— राजेंद्रनगर

राजवाड्याच्या गर्दीत तापायची, बायपासला थंड. रेडिएटरच्या पंख्याची रिले (त्याला वीज देणारा स्विच) गेली होती. एसी लावून बॉनेट उघडा, पंखा फिरतो का बघा. बस.
— रामबाग

भाऊ, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, एवढ्यासाठीच लिहितेय. मानपूरजवळ यांनी टॉवेल गुंडाळून उघडलं. कोपरापासून मनगटापर्यंत भाजलं, महिनाभर पट्टी. आत दाब असतो, म्हणून शंभराच्या वर गेलं तरी पाणी उकळत नाही. झाकण ढिलं झालं की क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. आपलं इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथे उघड्यावरचं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. तास थांबा, पण झाकणाला हात लावू नका.
— महू

वडिलांचं गॅरेज छावणीत होतं, लहानपण तिथेच गेलं. ते गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, “कुठे तापते?” उभ्या गाडीत तापली तर पंखा. घाटात, भर वेगात तापली तर पाणी नीट फिरत नाही: थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप), वॉटर पंप किंवा आतून बुजलेला रेडिएटर. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या रेडिएटरमध्ये चुन्याचा थर नखाने खरवडून निघायचा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला.

हेड उघडण्याआधी एवढं बघाच. ऑइल दुधाळ चहासारखं झालंय का? कुठे गळती नसताना कूलंट कमी होतंय का? सकाळी थंड इंजिनवर झाकण काढून गाडी सुरू केली तर सारखे बुडबुडे येतात का? यातलं काहीच नसेल तर हेडखालच्या गॅस्केटवर (सीलवर) संशय घेण्याची घाई नको. आणि चढलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणीच संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. त्या क्षणी इंजिन बंद करा, नाहीतर हेड खरंच वाकेल.
— लोकमान्यनगर

मंडळी, खूप आभार. शनिवारी सगळं तपासलं. ऑइल स्वच्छ, बुडबुडे नाहीत, पंखा फिरतो. इंजिन तापल्यावर रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटका देणारा आणि खालचा जेमतेम कोमट. थर्मोस्टॅट काढून घरी आणला, आईच्या चहाच्या पातेल्यात टाकून गॅसवर ठेवला. त्यावर ८२ आकडा कोरलेला, म्हणजे ८२ अंशांना उघडायला सुरुवात व्हायला हवी. पाणी खळखळ उकळलं तरी फट नखाएवढीच. नवा गार पाण्यात टाकून तसाच गॅसवर ठेवला, तो उकळी येण्याआधीच उघडला. आई शेजारी उभी राहून बघत होती.

नवा बसवला, कूलंट बदललं, त्यात अडकलेली हवा काढली. काल एसी लावून भेरूघाट चढून आलो. काटा मध्यावरून हलला नाही. पातेलं मात्र आता गॅरेजचं झालं, आईसाठी नवं आणलंय.
— सुदामानगर