सांडपाण्याच्या एसबीआर प्लांटमधला गाळ डिकँटरवाटे (वरचं स्वच्छ पाणी काढणारं यंत्र) नदीत जातोय, कारण कसं शोधायचं?

प्रश्न
कृष्णाकाठची नगरपरिषद, लोकसंख्या २५ हजार. ३ एमएलडीचा (दिवसाला ३० लाख लिटर) एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने सांडपाणी भरणं, हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं; दोन टाक्या मिळून २००० घनमीटर. दिवाळीपासून डिकँटिंगच्या शेवटी शेवटी गाळ बाहेर येतो. एक लिटरच्या जारमध्ये अर्ध्या तासाने गाळ ९०० मिलीवरच असतो. ब्लोअर (हवा देणारं यंत्र) वाढवा असा सल्ला मिळतोय. खाली कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे घातलेत, साठ्यावर जलपर्णी धरलीय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
ब्लोअरला हात लावण्याआधी एमएलएसएस (टाकीतल्या एका लिटर पाण्यात किती मिग्रॅ गाळ आहे ते) काढा. नुसत्या ९०० वरून काही कळत नाही. ९०० ला १००० ने गुणून एमएलएसएसने भागा, एसव्हीआय मिळेल, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो ते. एमएलएसएस ६५०० असेल तर एसव्हीआय १३८ येतो, म्हणजे गाळ चांगला आहे पण फार साठलाय. ३००० असेल तर ३०० येतो, म्हणजे तंतुमय जिवाणू वाढून गाळ फुगलाय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

रिपोर्टला वेळ लागणार असेल तर दुसऱ्या जारमध्ये टाकीतलं पाणी आणि प्रक्रिया झालेलं स्वच्छ पाणी निम्मं-निम्मं घ्या. क्लोरीन टाकण्याआधीचंच घ्या, नळाचं नको. गाळ ३००-३५० मिलीपर्यंत बसला तर दाटी आहे, ६०० च्या वरच राहिला तर फुगलाय. जार दोन तास तसाच ठेवा. बसलेला गाळ बुडबुड्यांसकट वर आला तर टाकीत नायट्रेट उरतंय. मग भरण्याच्या वेळी हवा बंद ठेवून नुसतं ढवळण्याचा टप्पा वाढवायला हवा.

उत्तर २
दाटीच असण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात वाळवण वाफे सुकत नाहीत, म्हणून गाळ काढणं थांबतं आणि तो टाकीतच साठत जातो.

हिशेब असा: एमएलएसएस ४००० ठेवायचं तर २००० घनमीटरमध्ये ८००० किलो गाळ. गाळाचं वय (गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते) १६ दिवस धरलं तर रोज ५०० किलो काढावा लागतो. तळाचा गाळ ०.८ टक्के घट्ट असेल तर हे ६२-६३ घनमीटर होतात. आज ६५०० असेल तर वरचे ५००० किलो तीन आठवड्यांत उतरवा, एकदम नको. गाळ बसल्यानंतर पंप थोडा थोडा वेळ चालवा. सलग चालवला तर गाळात खड्डा पडून नुसतं पाणी येतं.

खरी अडचण वाफ्यांची. २५ सेंमी थर धरला तर एवढ्या गाळाला रोज २५० चौरस मीटर लागतात. थिकनरमध्ये (गाळ घट्ट करण्याची टाकी) २ टक्क्यांपर्यंत घट्ट केला तर १०० चौरस मीटर पुरतात. अर्धवट सुकलेल्या थरावर ताजा गाळ ओतू नका, खालचा निचराच बंद होतो. पावसाळ्यासाठी पॉलिमर (गाळाचे कण एकत्र आणणारं रसायन) आणि स्क्रू प्रेस (गाळ पिळून पाणी काढणारं यंत्र) लागणारच.

उत्तर ३
गाळ फुगलेला निघाला तर हवा देण्याच्या टप्प्याच्या शेवटी डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) बघा, २ मिग्रॅ/लिटर हवा. ब्लोअरचा दाब वाढलाय आणि डीओ कमी, तर डिफ्युझर (टाकीच्या तळाशी हवा सोडणारी छिद्रं) चोंदलेत. मैला टँकर कुठे रिकामे होतात तेही बघा. ५ घनमीटरच्या टँकरचा बीओडी (घाण कुजताना लागणारा प्राणवायू, मिग्रॅ/लिटर) ५००० धरला तर २५ किलो भार एका दमात येतो, म्हणजे २०० बीओडीच्या १२५ घनमीटर सांडपाण्याइतका. वेगळ्या टाकीत घेऊन रात्री हळूहळू सोडा.

उत्तर ४
नदीच्या बाजूनेही बघा. माणशी १०८ लिटर धरले तर सांडपाणी २७ लाख लिटर, म्हणजे सेकंदाला ३१ लिटर. उन्हाळ्यात नदीला सेकंदाला १०० लिटर पाणी आणि बीओडी २ असेल, तर ३० बीओडीचं पाणी सोडल्यावर मिश्रण ८.६ वर जातं, १० चं सोडलं तर ३.९ वर. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३ आहे. म्हणजे प्लांट १० वर चालला तरी बंधाऱ्यामागचं साचलेलं पाणी मर्यादेच्या वरच.

शिवाय पाच दिवसांच्या बीओडीत अमोनिया बहुतेक दिसत नाही. एक मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजन पुढे ४.५७ मिग्रॅ प्राणवायू खातो, आणि नायट्रोजन-फॉस्फरसवरच जलपर्णी पोसते. ती काढून काठावर कुजत ठेवली तर तेच पोषण परत पाण्यात उतरतं, लांब नेऊन कंपोस्ट करा.

गाळ बाहेर येतोय तोवर क्लोरीनवर विसंबू नका. गाळाच्या कणांआड जंतू टिकतात. खालच्या गावाची पाणी योजना याच साठ्यातून उचलत असेल तर त्यांना आजच कळवा. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती दूषित पाण्यामुळेच.