बिटकॉइन मिक्सरच्या हमीपत्रावर किती विसंबायचं?

(चौघांची चर्चा. प्रत्येकाला कोल्हापुरातल्या एका भागाचं नाव दिलंय.)

शाहूपुरी:
परदेशी ग्राहकाकडून बिटकॉइनमध्ये मोबदला घेतला, की त्या पत्त्यावर आलेलं-गेलेलं सगळं त्याला दिसतं. ते झाकायला मिक्सर हवा, म्हणजे अनेकांची नाणी मिसळून कुठलं कुणाचं हा माग पुसणारी सेवा. आणि मग प्रश्न येतो की खरा कुठला. माझं मत, पारखता येतो. बरा मिक्सर पैसे घेण्याआधी सही केलेलं हमीपत्र देतो. त्यात जमा करायचा पत्ता, तुमचे परतीचे पत्ते, फी आणि मुदत असते. इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटच्या 'टूल्स'मध्ये मेसेजची सही तपासायची सोय आहे. तिथं मजकूर, सही करणाऱ्याचा पत्ता आणि सही, तिन्ही चिकटवायचं. हातानं टाइप करू नका, एक स्पेस हलली तरी सही जुळत नाही. आणि सही करणाऱ्याचा पत्ता त्याच साइटवरून उचलू नका. नकली साइट स्वतःचा नकली पत्ताही शेजारीच ठेवते. तो दुसरीकडे, जुन्या नोंदीत सापडला पाहिजे. मग आधी छोटी रक्कम पाठवून बघायची.

गुजरी:
भावा, तपासायची रीत बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकतोय. सही जुळली म्हणजे त्या पत्त्याची गुप्त किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानं हे लिहिलं, एवढंच कळतं. पैसे परत द्यायला ती कुणाला भाग पाडत नाही. भिशी बुडाली तर चालवणाऱ्याचं घर राजारामपुरीत कितव्या गल्लीत आहे ते माहीत असतं. हे पत्र घेऊन कुणाच्या दारात उभं राहणार? छोट्या रकमेची चाचणी तर सगळ्यात फसवी. ज्याला पळायचंय तो छोट्या रकमा चोख परत करतो आणि मोठीची वाट बघतो.

'नोंदी ठेवत नाही' हे तर तपासताच येत नाही. मे 2019 मध्ये बेस्टमिक्सर बंद पाडला तेव्हा पोलिसांच्या हाती वर्षभराचे आयपी पत्ते, व्यवहार आणि चॅटसुद्धा लागले. मार्च 2023 मध्ये चिपमिक्सरचे चार सर्व्हर आणि 7 टेराबाइट डेटा जप्त झाला.

आणि लपतं तरी किती? 0.4137 बिटकॉइन गेले, फी 3 टक्के, काही तासांत 0.4013 बाहेर आले. ही जोडी कॅल्क्युलेटरवर जुळते.

उद्यमनगर:
तुम्ही दोघंही एकाच जातीच्या मिक्सरबद्दल बोलताय, जिथं नाणी दुसऱ्याच्या ताब्यात जातात. कॉइनजॉइनमध्ये तसं होत नाही. पाच जण प्रत्येकी 0.05 घालतात, एकच व्यवहार तयार होतो, त्यातून 0.05 चे पाच सारखे तुकडे निघतात. प्रत्येक जण आपला परतीचा पत्ता आणि रक्कम बघूनच स्वतःच्या नाण्यावर सही करतो. एकानं जरी नकार दिला तर व्यवहारच होत नाही. इथं चोरीची भीती नाही, मग हमीपत्र कशाला?

गुजरी:
चोरीची नाही, पण गुपिताची आहे. सामुराई वॉलेटच्या व्हर्लपूल या कॉइनजॉइन सेवेत स्वतःचा नोड (बिटकॉइनच्या सगळ्या नोंदी स्वतः तपासणारा संगणक) न चालवणाऱ्यांच्या वॉलेटची एक्सपब त्यांच्या सर्व्हरकडे जायची. एक्सपब म्हणजे जिच्यातून त्या खात्याचे झालेले आणि पुढे होणारे सगळे पत्ते काढता येतात ती सार्वजनिक किल्ली. एप्रिल 2024 मध्ये चालकांना अटक झाली, सर्व्हरही जप्त झाले.

उद्यमनगर:
हे मान्य. म्हणून स्वतःचा नोड हवाच. दुसरी चूक सुट्ट्याची होते. 0.073 मधून 0.05 गेले की उरलेले 0.023 तुमचेच असल्याचं उघड दिसतं. ते नंतर मिसळलेल्या तुकड्यासोबत खर्चलं, की सगळी मेहनत पाण्यात. तीन मिसळलेले तुकडे एकाच व्यवहारात गोळा केले तरी तेच.

लक्ष्मीपुरी:
तुमचं सगळं बोलणं तंत्रावर चाललंय. कागदपत्रांचं काय? 7 मार्च 2023 पासून भारतातले क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली येतात. मिक्सरमधून आलेलं नाणं जमा केलं, की त्यांच्या तपासणीत लाल खूण लागू शकते, खातं थांबतं आणि पैसा कुठून आला ते विचारतात. त्या वेळी उत्तराचा धागा तुम्हीच तोडलेला असतो. शिवाय एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि खरेदी किंमत सोडून दुसरा कुठलाच खर्च वजा होत नाही, मिक्सरची फीसुद्धा नाही. आणि ती खरेदी किंमत दाखवणार कशावरून?

शाहूपुरी:
पण प्रामाणिक माणसानं आपली शिल्लक ग्राहकासमोर उघडी का टाकायची? खाजगीपण म्हणजे गुन्हा नव्हे, यावर मी ठाम आहे. छोट्या चाचणीबद्दल मात्र गुजरीचं पटलं, तो सल्ला मागे घेतो.

उद्यमनगर:
त्या गरजेला मिक्सर लागतच नाही. प्रत्येक ग्राहकाला नवा पत्ता द्या, वॉलेट तो आपोआप काढतं. आलेल्या प्रत्येक नाण्याला लेबल लावा: कुणाकडून, किती तारखेला, त्या दिवशीचा भाव. खर्च करताना इलेक्ट्रमच्या 'कॉइन्स' टॅबमध्ये नाणं स्वतः निवडा, नाहीतर दोन ग्राहकांची नाणी एका व्यवहारात जातात आणि एकाला दुसऱ्याची रक्कम दिसते. हीच लेबलं लक्ष्मीपुरी म्हणतात त्या हिशोबाला चालतात.