टूरिंग सायकल: पणजीच्या दुकानात काय तपासू?

मांडवीकाठ: डिसेंबरात सामानासह पणजी–चोर्ला–बेळगाव करायचंय. दुकानदार स्टील फ्रेमची सायकल दाखवतोय, दातांची चक्रं पुढे ४६/३०, मागे ११-३४. टायर ७००×२८ (२८ मिमी रुंद). घेऊ का?

चढवेडा: गिअर झकास. चोर्ल्याच्या चढाला लादलेल्या सायकलीवर ३०/३४ (पुढे ३० दात, मागे ३४) लागतोच. आधी मागच्या चाकाचे स्पोक मोजा: ३६ उत्तम, ३२ चालतील, त्याखाली नको. भार मागे पडतो, आणि तुटतो तो बहुधा गिअरच्या बाजूचा स्पोक. नवे स्पोक थोडे सैल होतात, म्हणून पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाक ताणून सरळ करून देणार का, हे पैसे देण्याआधीच ठरवा.

खारावारा: कॅरियर लावून, भरलेल्या पिशव्या अडकवून चालवा. नुसतं दुकानासमोर फेरी मारून काही कळत नाही! टाच पिशवीला घासली तर चेनस्टे (पेडलच्या आसापासून मागच्या चाकापर्यंतची नळी) आखूड आहे. ४४-४५ सेंमी बरा. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून ग्रीस लावून घ्या. आपल्या खाऱ्या, दमट हवेत अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या नळीत असा जाम होतो की कापावा लागतो. फ्रेमच्या आत गंजरोधक फवाराही मारायला सांगा.

मांडवीकाठ: स्पोक ३२ आहेत. टायरचं काय?

चढवेडा: २८ नको, ३५ बदलून मागा. फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि चेनस्टेपाशी जागा आहे का, तेवढं चाक बसवून बघा.