खच्ची घोड्याच्या रक्तात इस्ट्रोजेन कसं? नमुने बदलले असतील का?

पागेतली:
माझा घोडा सात वर्षांचा आहे. खच्ची केलेला म्हणूनच घेतला. अंडकोश रिकामा, चाचपलं तरी हाताला काही लागत नाही. पण घोडी माजावर आली की हा ओळखूच येत नाही. मान कमानीसारखी वळवतो, वरचा ओठ उचलून वास घेतो, तिच्या लिदीवर नेमकी आपली लीद टाकतो आणि वळून पुन्हा हुंगतो. परवा तिच्याजवळ आलेल्या दुसऱ्या घोड्याच्या मानेला कडकडून चावला. मोतद्दार म्हणतो, चाबूक दाखवल्याशिवाय ऐकणार नाही. मला ते मुळीच पटत नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, तर इस्ट्रोन सल्फेट (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) खूप वाढलेलं आलं. हे तर मादीचं हार्मोन! त्याच दिवशी त्या माजावरच्या घोडीचंही रक्त काढलं होतं. नळ्या बदलल्या असतील का? पुन्हा सुई टोचायची तर माझा जीव होत नाही.

अश्ववैद्य:
ताई, नळ्या बदललेल्या वाटत नाहीत. घोडी माजावर आहे म्हणजे ती गाभण नाही, आणि गाभण नसलेल्या घोडीच्या रक्तात हा आकडा एवढा चढत नाही. अंडील, म्हणजे खच्ची न केलेल्या, घोड्याच्या रक्तात मात्र चढतो.

अंडील घोड्याचं वृषण टेस्टोस्टेरॉन तर बनवतंच, पण इस्ट्रोजेनही भरमसाट बनवतं. बर्नहार्ट झोंडेक यांनी १९३४ मध्ये घोड्याच्या लघवीत हे इस्ट्रोजेन दाखवलं, तेव्हा जाणकारही चक्रावले होते. वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात, आणि त्याच पेशींतलं अरोमाटेज हे विकर त्यातल्या काहीचं इस्ट्रोजेन करतं. त्याला सल्फेट जोडलं की ते पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. खच्ची घोड्यात ही दोन्ही हार्मोन्स अगदी खाली येतात. म्हणून तीन वर्षांपुढच्या घोड्यात इस्ट्रोन सल्फेट जास्त आलं, तर वृषण कुठेतरी शिल्लक आहे असं समजायचं. (लहान शिंगराला आणि गाढवाला ही तपासणी लागू पडत नाही.)

शिंगरू पोटात असताना वृषण मूत्रपिंडाजवळ असतं आणि जन्माच्या आगेमागे खाली उतरतं. कधी एक उतरत नाही. खाली आलेलं तेवढं काढलं की घोडा खच्ची दिसतो. पोटातल्या उष्णतेत शुक्राणू तयार होत नाहीत, पण लेडिग पेशींचं काम चालूच राहतं. तुमचा घोडा हट्टी नाही, त्याच्या अंगात हार्मोन आहे.

शिंगराबद्दलची एक गोष्ट मला आजही थक्क करते. गर्भातल्या शिंगराच्या जननग्रंथी काही महिने आईच्या बीजांडकोशांपेक्षाही मोठ्या होतात आणि इस्ट्रोजेन बनवण्यासाठी वारेला कच्चा माल पुरवतात. नर आणि मादी, दोन्ही शिंगरांत हे होतं.

लगाम:
आमच्याकडे म्हणतात, कापताना अधिवृषण (वृषणाला चिकटलेली नळी) मागे राहिलं की घोडा असा वागतो. हे खरं का?

अश्ववैद्य:
नाही. अधिवृषणात शुक्राणू परिपक्व होतात आणि साठतात, टेस्टोस्टेरॉन तिथे बनत नाही. पूर्ण खच्ची झालेले काही घोडेही घोडीभोवती घुटमळतात, पण ते हार्मोनशिवाय. म्हणून वागणुकीवर विसंबू नये, रक्त बघावं. शंका राहिलीच तर रक्तातलं एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) तपासा. नरात ते वृषणातल्या सर्टोली पेशींत तयार होतं, म्हणजे वृषण असल्याशिवाय ते मिळणारच नाही.

पागेतली:
आमच्या डॉक्टरांना हे वाचून दाखवलं. त्यांनी उरलेल्या रक्तातून एएमएच करायला सांगितलं आहे, आणि सोनोग्राफी उद्या. शस्त्रक्रियेनंतर तो लगेच शांत होईल का?

अश्ववैद्य:
हार्मोन लवकर उतरतं, पण अंगवळणी पडलेल्या सवयीला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. काही सवयी राहूनही जातात. तेवढा वेळ त्याला द्या. वृषण पोटात असेल तर आता बऱ्याचदा दुर्बिणीने, घोडा उभा असतानाच, गुंगीचं औषध देऊन काढता येतं. तोवर त्याला घोडीपासून लांब ठेवा.

पागेतली:
घोडीला आजच दुसऱ्या टोकाच्या ठाणात हलवलं. मोतद्दाराला रिपोर्ट समजावून सांगितला. आता तोच विचारतोय, सोनोग्राफीला घोड्याला उपाशी ठेवायचं का.

अश्ववैद्य:
उपाशी ठेवायचं का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण गुंगी द्यायची की नाही हे तेच ठरवतील. पाणी मात्र तोडू नका.