घर बदलताना चालू इंटरनेट सोबत कसं नेलंत? (अनुभव धागा)

पुढच्या महिन्यात आमचा अकरा महिन्यांचा करार संपतोय. कोथरूडहून बाणेरला जातोय. टेम्पो ठरला, गॅसचं ठरलं, इंटरनेटवर मात्र अडलंय. नवऱ्याचं काम घरून चालतं, लेकीचा क्लास ऑनलाइन असतो. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत, त्यातले पाच महिने शिल्लक आहेत. ज्यांनी कनेक्शन नव्या घरी नेलंय त्यांनी काय झालं ते सविस्तर लिहा, चांगलं-वाईट दोन्ही.

पिंपळे सौदागरहून

टोकन देण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात विचारा, की इमारतीत कोणाकोणाची फायबर आली आहे. आम्ही फक्त कस्टमर केअरला विचारलं. त्यांनी पिनकोड टाकून "हो, सेवा आहे" म्हणून सांगितलं. सेवा होती, पण समोरच्या रस्त्यापर्यंत. सोसायटीने दोनच कंपन्यांना आत केबल टाकू दिली होती आणि आमची त्यात नव्हती. हे सामान लावून झाल्यावर चौथ्या दिवशी कळलं. उरलेल्या सात महिन्यांचे पैसे मागितले, तर आगाऊ प्लॅनवर परतावा नाही, असं अटींमध्ये आधीच लिहिलेलं निघालं. अजून चीड येते. विंग आणि फ्लॅट नंबर देऊन तपासायला लावा आणि उत्तर ईमेलवरच घ्या.

साताऱ्याहून

कंपनी तीच असली तरी भागातला केबलवाला वेगळा असू शकतो. आमच्याकडे दोघांचा हिशेब वेगळा होता, म्हणून नव्याने जोडणीचे पैसे पडले. जुन्या केबलवाल्याला आधी भेटा.

नाशिकहून

मी हेच काम करतो, म्हणून जरा तपशिलात लिहितो. राउटर काढताना हिरव्या टोकाची बारीक केबल ओढू नका. टोक धरून सरळ मागे घ्या आणि लगेच टोपी लावा. टोकाला नुसतं बोट लागलं तरी सिग्नल पडतो. आत काच आहे, त्यामुळे बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका. परवाच एका घरी तक्रार होती, की नव्या जागेत नेट सारखं तुटतं. कपाट भिंतीला सरकवलं होतं आणि त्याच्यामागे केबल काटकोनात दुमडली होती. कपाट चार बोटं पुढे घेतलं, केबल बदलली, नेट सुरू.

राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर राउटरपर्यंत प्रकाशच पोचत नाहीये, बंद-चालू करून उपयोग नाही. लाइनमन आला की त्याच्या प्रकाश मोजायच्या मीटरवरचा आकडा विचारा. उणे २० डीबीएमच्या (केबलमधल्या प्रकाशाच्या ताकदीचं माप) आसपास उत्तम. उणे २७ च्या खाली गेला तर लाइन टिकणार नाही, जोड पुन्हा मारून मागा. आणि मागचं रीसेटचं भोक टाचणीने दाबू नका, त्यातलं युजरनेम-पासवर्डसकट सगळं सेटिंग पुसलं जातं.

ठाण्याहून

आम्ही डोंबिवलीहून इथे आलो. नेट दोन दिवसांत लागलं, पण लँडलाइनचा नंबर गेला. डोंबिवलीचा एसटीडी कोड ०२५१, ठाण्याचा ०२२, त्यामुळे जुना नंबर इकडे येऊच शकत नव्हता. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही तोच ठेवता येतो, लँडलाइनला ती सोय नाही. सासऱ्यांनी तो नंबर सव्वीस वर्षं वापरला. गावाकडची माणसं अजून त्याच नंबरावर फोन लावायची. शेवटच्या आठवड्यात ते जुनी डायरी घेऊन बसले आणि एकेकाला फोन करून नवा नंबर देत राहिले. घरात वयस्कर माणूस असेल तर हे काम महिनाभर आधी सुरू करा.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत १ डिसेंबर २०२१ पासून याबद्दल कायदाच आहे. नव्या पत्त्यावर कंपनीची सेवा असेल तर तोच करार त्याच अटींवर पुढे चालवावा लागतो, मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजता येत नाही. सेवा नसेल तर एक महिन्याची नोटीस देऊन आपण मोकळे. मी लेखी कळवलं आणि करार सुटला. पुण्यात भाड्याच्या घरांमधून फिरताना असं काही हाताशी असतं तर किती पैसे वाचले असते! आपल्याकडे याची फार गरज आहे.

पनवेलहून

नवं सुरू होईपर्यंत जुनं बंद करू नका. आठ दिवसांचं दुहेरी भाडं पडलं तरी चालेल. कंपनीचा राउटर परत देताना त्यावरचा सिरीयल नंबर घातलेली पावती घ्या. माझी अनामत त्या एका कागदावर परत मिळाली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बाणेरला जाऊन आले. वॉचमनदादांनी जिन्यातली पेटी दाखवली, आमच्या कंपनीची केबल तिसऱ्या मजल्यापर्यंत आलेली आहे. आम्ही पाचव्यावर. फ्लॅट नंबर घालून ईमेल केला आहे. शनिवारी लाइनमन येतोय, मीटरवरचा आकडा इथेच लिहीन.