गॅमा स्टरिलायझेशननंतर पीपीच्या (पॉलिप्रोपिलीन) डब्या काही महिन्यांनी ठिसूळ होतायत, मदत हवी आहे

साचेकाम:
नमस्कार मंडळी, पॉलिमरमधलं कोणी असेल तर प्लीज बघा. आम्ही लॅबसाठी छोट्या सॅम्पल डब्या मोल्ड करतो, मटेरियल पीपी होमोपॉलिमर (म्हणजे नुसत्या प्रोपिलीनच्या साखळ्या), झाकण आणि डबी एकाच शॉटमध्ये आणि मधे पातळ लिव्हिंग हिंज (त्याच प्लास्टिकची वाकणारी बिजागरी). पॅक करून बाहेर गॅमाला (गॅमा किरणांनी निर्जंतुक करायला) पाठवतो, डोस किमान २५ किलोग्रे (शोषलेल्या रेडिएशनचं एकक). परत आल्यावर क्यूसी करतो तेव्हा सगळं ओके असतं, हिंज कितीही वेळा उघडा काही होत नाही, पण तोच लॉट गोडाऊनमध्ये काही महिने पडला की हिंज पहिल्या-दुसऱ्या वेळेलाच कट्कन तुटते. गॅमाला न पाठवलेल्या डब्या त्याच रॅकवर आहेत, त्या ठणठणीत. म्हणजे मोल्डिंगचा दोष नाही ना? आणि त्याच खोक्यातून गेलेल्या पॉलिथिनच्या पिशव्यांना काहीच होत नाही हे तर अजिबातच कळत नाहीये. रेडिएशन तर त्या दिवशीच संपलं, मग नंतर काय चालू राहतं आत? डब्यांमध्ये काही उरतं का, रेडिओअॅक्टिव वगैरे?

बहुलक:
शेवटचं आधी, कारण ही भीती सगळ्यांनाच असते. नाही, काही उरत नाही. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे (एनर्जीचं एकक), तेवढ्या एनर्जीने प्लास्टिक रेडिओअॅक्टिव होत नाही.

उरतात ते फ्री रॅडिकल, म्हणजे बाँड तुटून सुटे झालेले, चटकन दुसऱ्याशी जुळू बघणारे तुकडे. गॅमाने पॉलिमरच्या साखळीवरचे बाँड तुटतात आणि रॅडिकल तयार होतात, त्यातले बरेचसे लगेच एकमेकांशी जुळून संपतात पण पीपी अर्धस्फटिकी (काही भाग स्फटिक, काही विस्कळीत) असल्यामुळे क्रिस्टलच्या आत जे अडकतात त्यांना हलायला जागाच नसते, ते तसेच टिकून राहतात आणि हळूहळू बाहेर येतात. तिथे हवेतला ऑक्सिजन भेटला की पेरॉक्सी रॅडिकल, मग हायड्रोपेरॉक्साइड, ते फुटून पुन्हा नवे रॅडिकल आणि दरवेळी कुठेतरी साखळी तुटते. तुमच्या क्यूसीच्या दिवशी ही गोष्ट नुकती सुरू झालेली असते म्हणून सगळं पास होतं.

पीपीच का, तर त्याच्या साखळीत दर एक सोडून एका कार्बनला मिथाइल गट आहे, त्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो आणि तिथे साखळी तुटण्याकडे कल जास्त. पॉलिथिनमध्ये उलट, शेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, म्हणजे क्रॉसलिंकिंग. चार्ल्सबी या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये अणुभट्टीत पॉलिथिन ठेवून हेच दाखवलं होतं, आणि आज हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) बनते ती यावरच. अर्थात पॉलिथिनपण अमर नाही, गुडघ्या-खुब्याच्या सांध्यांत बसवतात ते यूएचएमडब्ल्यूपीई (फार लांब साखळ्यांचं पॉलिथिन) पूर्वी हवेतच गॅमा करायचे, तेही ठेवल्या ठेवल्या ऑक्सिडाइज व्हायचं, मग नायट्रोजनमध्ये पॅक करणं, वितळवून रॅडिकल मारणं, व्हिटॅमिन ई घालणं वगैरे सुरू झालं.

रेणूवेडा:
+१. साचेकाम, दोन गोष्टी सांगा. ग्रेड रेडिएशनची (गॅमा सोसेल अशी बनवलेली) आहे की साधी? आणि २५ हा किमान झाला, कमाल किती जातोय? खोक्याच्या कडेच्या मालाला मधल्यापेक्षा बराच जास्त डोस बसतो, तुटलेल्या डब्या कडेच्याच निघाल्या तर नवल नाही.

साचेकाम:
ग्रेड साधीच आहे हो, जनरल पर्पज इंजेक्शन. कमाल डोस रिपोर्टमध्ये आहे, ३८ दाखवतोय, मी नेहमी किमानच बघायचो कारण पास-फेल त्यावरच होतं. एक सुचवलं गेलंय की ई-बीमला (इलेक्ट्रॉनच्या झोताने निर्जंतुकीकरण) जा, तिथे नुकसान कमी होतं. खरंय का? डोस तर तेवढाच ना?

बहुलक:
डोस तेवढाच पण वेळ वेगळा. गॅमाला काही तास लागतात, ई-बीमला सेकंद. त्या सेकंदांत ऑक्सिजनला आत शिरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे डोस चालू असतानाचं ऑक्सिडेशन बरंच कमी. पण अडकलेले रॅडिकल इथेही उरतातच, म्हणून फक्त मशिन बदलून साधी ग्रेड वाचेल असं मला वाटत नाही. शिवाय इलेक्ट्रॉन फार खोल जात नाहीत, गच्च भरलेलं मोठं खोकं असेल तर ते आधी विचारा.

खरा उपाय ग्रेडमध्येच आहे. एथिलीनवाला रँडम कोपॉलिमर (पीपीच्या साखळीत मधे मधे एथिलीन) घ्या, स्फटिकीपणा कमी त्यामुळे रॅडिकल कमी अडकतात. स्टॅबिलायझर (प्लास्टिक खराब होऊ न देणारं मिश्रण) हॅल्स म्हणजे हिंडर्ड अमाइन प्रकारचा हवा, फेनॉलिक अँटिऑक्सिडंटवाल्या ग्रेड गॅमानंतर पिवळ्या पडतात. रेडिएशन ग्रेडमध्ये कधीकधी थोडं हायड्रोकार्बन तेलही घालतात, साखळ्यांना हलायला जागा मिळते आणि रॅडिकल लवकर संपतात.

रेणूवेडा:
आणि टेस्ट बदला राव, हिंज उघडून बघणं ही काय टेस्ट झाली. नुसती टेन्साइल स्ट्रेंग्थ (ओढून तोडायला लागणारा जोर) बघूनही फसाल, ती बराच काळ जागची हलत नाही, आधी पडतं ते एलाँगेशन अॅट ब्रेक (तुटेपर्यंत किती ताणलं जातं ते). एमएफआय (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) तर स्वस्तात होतो, साखळ्या तुटल्या की वितळलेलं पीपी पातळ होतं आणि आकडा वर चढतो. एफटीआयआर (इन्फ्रारेडने रेणू ओळखायचं मशिन) मिळालं तर १७१५ च्या आसपास कार्बोनिलचा (ऑक्सिडेशनची खूण) पीक वाढतोय का बघा. सॅम्पल मात्र कमाल डोसवाले घ्या, ४० ला मुद्दाम मारून घेतले तर उत्तम, आणि ओव्हनमध्ये ६० डिग्रीला एजिंग (मुद्दाम लवकर जुनं करणं) करून मग टेस्ट. शेजारी रूम टेम्परेचरवालेपण ठेवा, ओव्हनवर आंधळा विश्वास नको.

जिज्ञासू_प्लास्टिक:
धागा हायजॅक करत नाही पण आमच्याकडे पॉलिकार्बोनेट गॅमानंतर पिवळं होऊन येतं आणि नंतर थोडं फिकट होतं, तेपण आतून सडतंय का?

बहुलक:
नाही, तिथे तो बराचसा रंग अडकलेल्या रॅडिकलचाच, ते संपतात तसा उतरतो, पूर्ण जात नाही. साखळीत बेंझिन रिंग असली की ती एनर्जी पचवते, म्हणून पॉलिस्टायरीन, पीक (PEEK नावाचं प्लास्टिक), पॉलिइमाइड ही मंडळी बरीच दणकट. पीव्हीसीचं पिवळेपण वेगळं, तिथे हायड्रोजन क्लोराइड निघून साखळीत डबल बाँडची रांग लागते.

साचेकाम, डबीत कुठे टेफ्लॉनचा वॉशर किंवा अॅसिटलचा (पीओएम प्लास्टिक) भाग आहे का? टेफ्लॉन तर २५ च्या खूप आधीच कामातून जातं, केमिकलला एवढं दाद न देणारं मटेरियल पण रेडिएशनपुढे पार नाजूक.

साचेकाम:
एका मॉडेलमध्ये टेफ्लॉनची चकती आहे!! ते मॉडेल अजून गॅमाला गेलं नाहीये, थांबवतो. रँडम कोपॉलिमरचे सॅम्पल मागवतोय, पण आकुंचन वेगळं असेल ना, त्याच साच्यात झाकण नीट लागेल का?

रेणूवेडा:
श्रिंकेज होमोपेक्षा थोडं कमी येतं, होल्डिंग प्रेशर आणि कूलिंग टाइम खेळवून बहुतेक जमेल. लॉक ढिलं किंवा घट्ट वाटलं तर मापं टाका इथे, बघू.