चुकून उडालेल्या फाइली: गिट असताना वेगळा बॅकअप हवाच का?

कातळकडा: माझं मत स्पष्ट आहे. कोड गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असेल आणि कमिट (फाइलींच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) वेळच्या वेळी होत असतील, तर डिलीट झालेल्या फाइलींसाठी रिकव्हरी सॉफ्टवेअर घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

फाइल नुसती फोल्डरमधून गेली असेल तर `गिट रिस्टोअर कोड/बिल.पाय` चालवा, इंडेक्समधली (पुढच्या कमिटसाठी फाइली तयार ठेवण्याची जागा) प्रत परत येते. `गिट आरएम`ने काढली असेल तर ती इंडेक्समधूनही गेलेली असते. तेव्हा हेडमधून, म्हणजे सध्याच्या शेवटच्या कमिटमधून, आणा: `गिट रिस्टोअर --सोर्स=हेड --स्टेज्ड --वर्कट्री कोड/बिल.पाय`. ही कमांड 2.23 आवृत्तीत, ऑगस्ट 2019 मध्ये आली. त्याआधीचं गिट असेल तर `गिट चेकआउट हेड -- कोड/बिल.पाय`.

डिलीट कमिट होऊन महिने झाले असले तरी घाबरायचं कारण नाही. `गिट लॉग --ऑल --डिफ-फिल्टर=डी -- कोड/बिल.पाय` चालवलं की फाइल काढणारा कमिट आणि त्याचा हॅश (ओळख-क्रमांक) सापडतो. मधला दुहेरी डॅश विसरू नका. फाइल आता डिस्कवर नाही, त्यामुळे डॅशशिवाय ते नाव ब्रँचचं (कामाच्या शाखेचं) की फाइलचं हे गिटला कळत नाही आणि एरर येते. फाइल त्या कमिटच्या आधीच्या कमिटमध्ये असते, म्हणून `गिट चेकआउट <हॅश>~1 -- कोड/बिल.पाय`. पुष्कळ जण ~1 च्या जागी ^ वापरतात, पण विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ते चिन्ह गिटपर्यंत पोचतच नाही.

रात्रपाळी: हे सगळं ट्रॅक केलेल्या, म्हणजे गिटकडे नोंद असलेल्या, फाइलींपुरतं झालं. माणसं रडकुंडीला येतात ती `गिट क्लीन -एफडी` नंतर. ही कमांड ट्रॅक न केलेल्या फाइली कचरापेटीत न टाकता थेट पुसते. त्यात -एक्स जोडलं की इग्नोर केलेल्याही (गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या) जातात: एन्व्ही फाइल (पासवर्ड, चाव्या असलेली), लोकल एसक्यूलाइट डेटाबेस, टेस्टचा डेटा. गिटने त्या कधी साठवल्याच नव्हत्या, मग परत कुठून देणार? एसएसडीवर ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी करायला डिस्कला सांगणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरच्याही हाती सहसा काही लागत नाही. आधी -एन लावून काय पुसलं जाणार ते बघावं हे खरं, पण घाईत ते कोण करतं? म्हणून मॅकवर टाइम मशीन, विंडोजवर फाइल हिस्टरी चालू हवीच. दोन्ही मुळात तासातासाला प्रत घेतात.

इंडेक्सप्रेमी: मधली एक पायरी दोघांकडूनही सुटली. कमिट नसला, नुसतं `गिट अ‍ॅड` झालेलं असलं, तरी मजकूर ऑब्जेक्ट म्हणून साठवला गेलेला असतो. नंतर `गिट रीसेट --हार्ड`ने कमिट न केलेले बदल गेले तरी `गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड` चालवा. डॉट-गिटमधल्या (प्रोजेक्टमधला गिटचा स्वतःचा फोल्डर) लॉस्ट-फाउंड/अदर फोल्डरात मजकूर मिळतो. फाइलींची नावं मात्र गेलेली असतात. आठवणारं एखादं फंक्शनचं नाव घेऊन ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) शोधावं लागतं. चुकून ड्रॉप केलेला स्टॅशही (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल) असाच सापडतो, फक्त तो शेजारच्या कमिट फोल्डरात. त्याचा हॅश `गिट स्टॅश अप्लाय`ला द्यायचा.

हे होईपर्यंत `गिट जीसी --प्रून=नाऊ` ही सुटे ऑब्जेक्ट पुसणारी कमांड चुकूनही चालवू नका. एरवी असे सुटे ऑब्जेक्ट दोन आठवडे टिकतात. रिफ्लॉगमधल्या (ब्रँच आणि हेड कधी कुठल्या कमिटवर होते त्याची नोंदवही) नोंदी 90 दिवस, आणि कुठल्याच ब्रँचवरून पोचता येत नाही अशा कमिटच्या नोंदी 30 दिवस.

रात्रपाळी: आणि तो रिफ्लॉग फक्त त्या एका मशीनवर असतो, क्लोनबरोबर (दुसरीकडे घेतलेल्या पूर्ण प्रतीबरोबर) येत नाही. डॉट-गिट फोल्डर उडाला की रिफ्लॉग, स्टॅश, पुश न केलेले (सर्व्हरवर न पाठवलेले) कमिट सगळंच गेलं. ज्या गोष्टीचा आधार घ्यायचा ती त्याच फोल्डरात ठेवणं मला पटत नाही.

कातळकडा: इग्नोर केलेल्या फाइलींचा मुद्दा मान्य. पण एडिटरही इतिहास ठेवतात. व्हीएस कोडमध्ये 2022 पासून लोकल हिस्टरी आहे, दर फाइलमागे 50 नोंदी. फाइल उडाली असेल तर कमांड पॅलेटमधून 'लोकल हिस्टरी: फाइंड एंट्री टू रिस्टोअर'. 256 केबीपेक्षा मोठ्या फाइली तो मुळात घेत नाही, आणि स्क्रिप्टने बाहेरून लिहिलेल्या फाइलींच्या नोंदी त्यात मिळत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

चावीरक्षक: एक गोष्ट कळकळीने सांगतो. परत मिळावी म्हणून एन्व्ही फाइल कमिट करू नका. पुढच्या कमिटमध्ये काढली तरी पासवर्ड इतिहासात राहतो, आणि पुश झाला असेल तर चावी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. रिकाम्या व्हॅल्यूंची नमुना फाइल गिटमध्ये ठेवा, खऱ्या व्हॅल्यू पासवर्ड मॅनेजरमध्ये.

शिवाय मोठ्या फाइली गिट एलएफएसमध्ये (मोठ्या फाइली इतिहासाबाहेर वेगळ्या साठवणारी सोय) असतील तर कधी कधी रिस्टोअरनंतर तीन ओळींची पॉइंटर फाइल (मूळ फाइलची फक्त खूण) दिसते. फाइल खराब झाली असं समजू नका, `गिट एलएफएस पुल` करा. सर्व्हरवरची मूळ प्रत गेली असेल तर मात्र त्या तीन ओळींचा उपयोग नाही.

रात्रपाळी: बाहेरच्या डिस्कवर `गिट क्लोन --मिरर` (सर्व्हरवरच्या रेपॉझिटरीची हुबेहूब प्रत) ठेवून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी: कुणी फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलणारा पुश) केला की पुढच्या अपडेटला तुमची मिररही तशीच बदलते. त्यापेक्षा दर आठवड्याला तारखेच्या नावाने `गिट बंडल क्रिएट 2-जून.बंडल --ऑल` करा (इतिहास एका फाइलीत बांधला जातो) आणि लगेच `गिट बंडल व्हेरिफाय` चालवा. बंडलमध्ये स्टॅशपैकी फक्त सगळ्यात वरचा येतो, खालचे रिफ्लॉगमध्ये असल्यामुळे सुटतात. ते हवे असतील तर आधी `गिट स्टॅश ब्रँच`ने त्यांच्या ब्रँच करून कमिट करा.